दारात बोट सापडलं

माझ्या पहिल्या केसपेपरवर लिहिलंय, ‘घरी दरवाजात हात सापडून इजा.’ तारीख 7 फेब्रुवारी 2018, वेळ संध्याकाळी सात चाळीस. त्या वेळी मी घरी नव्हतेच. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये माझी शिफ्ट चालू होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं पन्नास टनी पॉवर प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेली होती.

ही एक ओळ खोटी आहे, एवढं कागदावर यायला साडेचार वर्षं लागली. ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. भोसरी-चाकण पट्ट्यात बसस्टॉपवर कुणी हाताला पट्टी बांधून उभं दिसलं, की त्याच्या खिशातला कागद मागून वाचावा असं मला अजून वाटतं.

मी अंबाजोगाई तालुक्यातली, बारावी पास. आम्ही 2014 साली इकडे आलो. माझे धाकटे दीर आधीपासून त्या कंपनीत डिस्पॅचला होते, त्यांनीच 2016 मध्ये मला लावलं. पगारपत्रकात हुद्दा ‘हेल्पर’, पण काम पहिल्या आठवड्यापासून प्रेस चालवायचं. बायकांना हेल्पर दाखवायचं आणि मशीनवर बसवायचं, ही तिथली रीतच होती. पगार 11,200. त्यातून ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) 196 रुपये दर महिन्याला कापले जायचे. कार्ड मात्र कधी हातात दिलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्यावर जोराने दाब देऊन नग काढणारं मशीन. त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्लाइड, म्हणजे वरचा जड भाग, खाली यायला नको, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. आमच्या प्रेसच्या डाव्या बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एक हात मोकळा राहिला की जॉब भराभर लागतो. शिफ्टला 3,200 नग काढायचे असले तर तसंच करावं लागतं. हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी काढून भिंतीला टेकवलेली. जॉब उचलायचे चिमटे ऑडिटच्या दिवशी वाटायचे आणि संध्याकाळी परत कपाटात. क्लचची चावी झिजलेली होती, प्रेस मधूनच डबल स्ट्रोक मारायचा. मी ते सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं.

त्या दिवशी बुधवार होता. दुसऱ्या दिवशी गुरुवारची सुट्टी, म्हणून माल रात्रीच निघायचा होता. सुपरवायझर मागे उभा राहून ‘ताई, हात उचला, गाडी थांबलीय’ म्हणत होता. पहिला स्ट्रोक मी मारला. तयार नग काढायला हात आत घातला आणि दुसरा स्ट्रोक आपोआप आला. आवाज रोजच्यासारखाच होता. दुखलं काहीच नाही. हात मागे घेतला तर हातमोज्याची दोन बोटं चपटी झालेली, आणि त्यातल्या सुताचा एक धागा डायपासून माझ्या हातापर्यंत ताणलेला. मी त्या धाग्याकडेच बघत राहिले. शेजारच्या प्रेसवरची बाई किंचाळली, तेव्हा मला कळलं.

तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक.

मॅनेजरच्या गाडीत एचआरचे साहेब माझ्याशेजारी बसले. ‘ताई, तिथे तुम्ही काही बोलू नका, आम्ही सांगतो. कामावर लागलं म्हटलं की पोलीस केस होते, मग डॉक्टर हात लावत नाहीत.’ मला तेव्हा फक्त कुणीतरी हातावर इलाज करावा एवढंच हवं होतं. मी मान हलवली. ईएसआयच्या दवाखान्यात न नेता एका लहानशा खाजगी दवाखान्यात नेलं, आणि ती ओळ लिहिली गेली.

तिसऱ्या दिवशी तेच साहेब सफरचंदं घेऊन खाटेपाशी आले. बिल कंपनी भरणार, बरी होईपर्यंत निम्मा पगार घरी येणार, वर चाळीस हजार रोख. ‘फक्त रेकॉर्डसाठी एक सही.’ उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. मी म्हटलं, डाव्या हाताने लिहिते. ते म्हणाले, ‘राहू द्या, अंगठा चालेल,’ आणि खिशातून शाईचं पॅड काढलं. शाळेत असताना आईला सही शिकवली होती मी, कारण अंगठा लावायची तिला लाज वाटायची. त्या दिवशी माझा डावा अंगठा दुसऱ्या माणसाने धरून कागदावर टेकवला. वर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. गोळ्यांची गुंगी होती हे खरं, आणि माणूस चांगलं बोलत होता हेही खरं.

पुढे कोर्टात तो कागद निघाला. ‘मी मोबाइलवर बोलत असताना माझ्या निष्काळजीपणामुळे’ अशी त्याची सुरुवात होती.

आमच्या चाळीच्या टोकाला एक काका राहतात. पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तिथल्या युनियनमध्ये पंचवीस वर्षं काम केलेले. आमचे हे सहज त्यांच्याकडे गेले होते, चाळीस हजार घ्यावेत का विचारायला. काका स्वतः उठून आमच्या खोलीवर आले. केसपेपर वाचला, मग आमच्या पत्र्याच्या दाराकडे बघितलं. म्हणाले, ‘या दाराने बोट चेमटेल पोरी, कापलं नाही जाणार.’

त्यांनी त्या रात्री जे सांगितलं ते मला आधी पटेना. ईएसआय कापला जातो म्हणजे तुझा विमा आहे. पगार 21,000 पर्यंत असला की हा विमा लागतो. कामावर अपघात झाला तर किती महिने हप्ते भरले हे बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. घरी बसल्या दिवसांचे पगाराच्या 90 टक्के विम्यातून मिळतात, आणि कायमचं अपंगत्व ठरलं तर जन्मभर दरमहा पैसे. चूक तुझी असली तरी ते अडत नाही. विमा नसलेल्या कामगारांसाठी 1923 चा भरपाईचा कायदा आहे, तिथे मालकाला भरावं लागतं. तुझ्या बाबतीत मालकाच्या खिशातून यातला एक रुपया जात नाही.

मग ते चाळीस हजार कशाचे देतायत, असं मी विचारलं.

‘कागद होऊ नये म्हणून,’ काका म्हणाले.

कामावर बोट तुटलं की मालकाने ईएसआयला फॉर्म 12 मध्ये अपघाताचा अहवाल ताबडतोब द्यायचा असतो. माणूस 48 तासांहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखाने निरीक्षकालाही कळवायचं असतं. मग निरीक्षक येतो, पाचर बघतो, जाळी कुठे आहे विचारतो. आणि ज्या मोठ्या गाडी कंपनीला आमचा माल जायचा, तिच्या ऑडिटमध्ये अपघाताची नोंद दिसते. आमच्या गेटवर हिरवा बोर्ड होता, ‘अपघातविरहित दिवस’. अपघात झाला त्या सकाळी त्यावर 412 होतं, मी रोज आत जाताना वाचायचे म्हणून आठवतंय. पुढच्या चार वर्षांत माझ्याशी जे जे वागले, त्याचा अर्थ मला या एका गोष्टीवरून लागत गेला. औषधाच्या पैशाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. लिहून द्यायला मात्र प्रत्येक वेळी नाही.

काकांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती पोच घ्यायची. तोंडी काही बोलायचं नाही. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने, पोचपावती जोडून. अपघाताची माहिती देणारं पत्र मी डाव्या हाताने लिहिलं, दीड पान लिहायला दोन तास लागले. एक कंपनीला, एक ईएसआयच्या शाखा कार्यालयाला. कंपनीने हातोहात घेतलं नाही, म्हणून पोस्टाने गेलं. पत्र गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दीर घरी आले ते बूट न काढता दारातच उभे राहिले. ‘वहिनी, मला केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले, घरच्या माणसाला समजाव, नाहीतर तुझंही बघावं लागेल.’ त्यांचा ओव्हरटाइम त्या महिन्यापासून बंद झाला. महिन्याचे साडेतीन-चार हजार. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण जाऊबाई चार महिने माझ्याशी बोलली नाही. तिचं काय चुकलं? भाडं तिलाही भरायचं होतं.

ईएसआयकडून चौकशीला माणूस आला. कंपनीने अहवाल 43 दिवसांनी भरला, तोही आधी ‘अपघात आवारात झालेला नाही’ असं सांगून बघितल्यावर. पहचान कार्डाचा छापील कागद मला मार्चअखेर मिळाला. मग औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचे निरीक्षक येऊन गेले. त्यांच्या आदल्या रात्री माझ्या प्रेसला नवी जाळी आणि सेन्सर बसवला, पाचर काढली, हे मला शेजारच्या प्रेसवरच्या बाईने फोन करून सांगितलं. तिने निरीक्षकाला मात्र जसं होतं तसं सांगितलं, पाचरीचं, डबल स्ट्रोकचं, सगळं. तिला पंधरा दिवसांत संडास-बाथरूमच्या साफसफाईला लावलं. जूनच्या आधीच ती सोडून गेली. माझ्यापेक्षा तिने जास्त सोसलं असं मला वाटतं. तिला मिळणार काहीच नव्हतं.

एप्रिलमध्ये मला कंपनीचं पत्र आलं, सात दिवसांत हजर व्हा, नाहीतर नाव कमी करू. हातावरचे टाके अजून ओले होते. काकांनी ईएसआय कायद्याचं कलम 73 दाखवलं. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाला कामगाराला काढता येत नाही, शिक्षा करता येत नाही, आणि त्या काळात दिलेली काढल्याची नोटीस कायद्याने ग्राह्य नसते. तेवढंच लिहून, डॉक्टरांचे दाखले जोडून उत्तर पाठवलं. कंपनी गप्प बसली. तेव्हा मला वाटलं जिंकलो. ते संरक्षण लाभ मिळतो तेवढ्याच दिवसांचं असतं, याकडे माझं लक्षच गेलं नाही. डॉक्टर फिटनेस लिहून देतात, त्या दिवशी ते संपतं.

मी 4 जून 2018 ला कामावर गेले. गेटवरच्या बोर्डावर 529 होतं. मी तिथे उभी राहून मनात हिशोब केला, 412 अधिक 117. एकही दिवस चुकलेला नव्हता.

पंचिंग मशीन माझं बोट घेईना. तर्जनीवरच नोंद होती आणि तर्जनीच गेलेली. दुसऱ्या बोटाची नोंद करायला दोन मिनिटं लागतात. मला दोन दिवस गेटबाहेर उभं केलं, ‘सिस्टिमवाला येतोय’ म्हणून. ते दोन दिवस बिनपगारी. मग रिवर्कच्या टेबलावर बसवलं, नगांचे बर, म्हणजे कडेला राहिलेले धारदार कंगोरे, कानशीने काढायचे. कानस तर्जनीच्या दाबावरच चालते. चिमटीत नग आणि मुठीत कानस, अशी सवय करून मी दिवसाला दोनशे-अडीचशे करायला लागले. टार्गेट आठशेचं. आठवड्याला एक वॉर्निंग लेटर यायचं, ‘हेतुपुरस्सर कमी उत्पादन’. प्रत्येक पत्राला मी उत्तर दिलं आणि फिटनेसच्या कागदावरची ‘हलकं काम द्यावं’ ही ओळ प्रत्येक वेळी उतरवून काढली. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर कुणी डबा उघडत नव्हतं. मुलींना तसं सांगितलेलं होतं. एक दिवस एकीने जाता जाता माझ्यासमोर शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि मागे न बघता निघून गेली.

जुलैत मेडिकल बोर्ड झालं. तीन डॉक्टर, पाच मिनिटं. कुठल्या पेरापर्यंत बोट गेलं यावर कायद्याच्या परिशिष्टात टक्के ठरलेले आहेत. तर्जनीची दोन पेरं 11 टक्के, मधल्याचं एक पेर 7. माझे 18 टक्के झाले, म्हणजे महिन्याला साधारण अठराशे रुपये, जन्मभर. भाकरी थापताना पीठ बोटांच्या फटीतून निसटतं त्याचे टक्के कुठे नसतात. मी आता भाकरी डाव्या हातावर फिरवते आणि उजव्या तळव्याने थापते. जमायला एक पावसाळा गेला.

बोर्डाचा निकाल कंपनीत पोचला आणि महिन्या-दीड महिन्यात बदलीचं पत्र आलं. 19 सप्टेंबर 2018, बुधवार. ‘प्रशासकीय गरजेनुसार’ शिरवळच्या युनिटला 22 तारखेला सकाळी आठला हजर व्हा. शिरवळ म्हणजे सातारा जिल्हा, कात्रज ओलांडून, खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडून, नीरेच्या काठी. माझी मुलगी तेव्हा दुसरीत. कंपनीचं शिरवळला युनिट आहे हे आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. हे म्हणाले, जाऊ नको, सरळ केस करू. काका म्हणाले, ‘जायचंच. नाही गेलीस तर तेच त्यांना हवंय.’

त्या वर्षी 23 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. 22 च्या पहाटे साडेचारला आम्ही दोघं निघालो, स्वारगेटहून साताऱ्याकडे जाणारी एसटी पकडली. रस्त्याला मंडपाचे सांगाडे, झोपलेले ढोलवाले. शिरवळला उतरून पत्त्यावर पोचलो तेव्हा आठला दहा कमी. पत्र्याची शेड, शटर बंद, कुलपावर गंज. ना पाटी, ना वॉचमन, ना विजेचा दिवा. पलीकडच्या कंपनीचा वॉचमन म्हणाला, ‘इथं दिवाळीनंतर मशिनी येणार म्हणतात.’ तो लिहून द्यायला तयार नव्हता, त्याचीही नोकरी होती. आम्ही शटरचा फोटो काढला आणि अकरापर्यंत पायरीवर बसून राहिलो. मी एचआरला तीन फोन केले, उचलले नाहीत.

मला तिथे बसल्या बसल्या पोस्ट आठवलं. शनिवार असला तरी पोस्ट उघडं असतं. पायरीवरच वहीचं पान फाडून लिहिलं, ‘मी आज दि. 22.09.2018 रोजी सकाळी 7.50 ला हजर झाले आहे. युनिट बंद आहे. कोणाकडे हजर व्हावे ते कळवावे.’ शिरवळच्या पोस्टातून कंपनीच्या भोसरीच्या पत्त्यावर रजिस्टर केलं. काउंटरवरच्या बाईंनी माझा हात बघितला आणि पाकिटावर पत्ता स्वतः लिहून दिला. पावतीवर पोस्टाचं नाव, तारीख, वेळ. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, पण पावती तशीच मिळते. ती जपून ठेवा, आणि त्याच दिवशी झेरॉक्स काढा, कारण त्या कागदावरची शाई वर्षभरात उडते.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. ‘आपण शिरवळ युनिटला हजर झाला नाहीत’ अशा नोटिसा आल्या, एकामागून एक तीन. प्रत्येकीला मी तेच उत्तर पाठवलं. 12 ऑक्टोबरला बडतर्फीचं पत्र आलं, विनापरवानगी गैरहजेरी. चौकशी नाही, आरोपपत्र नाही. दसरा सहा दिवसांवर होता.

महाराष्ट्रात 1971 चा एक कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाने काय करायचं नाही याची यादी आहे. सूडबुद्धीने काढणं त्यात आहे. गैरहजेरीचा खोटा, रचलेला आरोप ठेवून काढणं तर शब्दशः आहे. वकील मॅडमनी मला ते वाचून दाखवलं तेव्हा मला रडू आलं. माझ्यासारखं कुणाचं तरी आधी झालं असणार, त्याशिवाय कुणी हे लिहून ठेवलं नसतं. तक्रार 90 दिवसांच्या आत करावी लागते. ही मुदत फार लोकांची जाते, साहेब परत घेतील म्हणून वाट बघण्यात. आम्ही 26 नोव्हेंबरला पुण्याच्या कामगार न्यायालयात दाखल केली. आणखी एक गोष्ट मला मॅडमनी सांगितली. मी थेट कंपनीच्या हजेरीपटावर होते म्हणून हा रस्ता मोकळा होता. माझ्याशेजारची निम्मी मुलं ठेकेदाराची नाहीतर ट्रेनी म्हणून लावलेली. त्यांच्या बाबतीत कंपनी ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हणते, आणि या कायद्याखालची तक्रार त्या पहिल्याच वादावर अडून बसते. म्हणून नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, ओळखपत्राचा फोटो, हे अपघात व्हायच्या आधीच घरी असायला हवं.

कोर्टातली वर्षं मी सविस्तर लिहीत नाही. तारखा पडतात, वकील बदलून येतात, मार्च 2020 मध्ये सगळं बंद होतं. मी त्या काळात घरी पापड लाटले, मग एका शाळेच्या पोषण आहारात खिचडी शिजवली. कुठल्याही कंपनीच्या गेटवर हात बघूनच नाही म्हणायचे.

2019 च्या उन्हाळ्यात दीर एकदा आले आणि बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, दुसऱ्या प्रेसवर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, करंगळीचा शेंडा गेला. सुपरवायझर गाडी काढायच्या आत तो पोरगाच सांगायला लागला, ‘साहेब, मी सांगतो दारात सापडलं म्हणून. मला काढू नका.’ त्याला कुणी शिकवायचीही गरज पडली नाही. मला दोन रात्री झोप आली नाही. मी भांडते आहे ते बघून मुलांना धीर येईल, असं मला वाटत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून दुसरंच शिकून घेतलं. मला काढलं ते एवढ्याचसाठी, हे मला त्या दिवशी समजलं. माझे अठराशे रुपये कंपनीला कधीच जड नव्हते.

उलटतपासणी 2021 च्या डिसेंबरात झाली. एचआरचे साहेब शपथेवर म्हणाले, शिरवळ युनिट चालू होतं आणि ही बाई तिथे फिरकलीच नाही. मॅडमनी त्यांच्या हातात शिरवळच्या पोस्टाची पावती दिली, मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. मग मॅडमनी त्या महिन्याचं शिरवळच्या शेडचं वीजबिल आणि हजेरीपट मागितला. तो पुढच्या तारखेला आला नाही, त्याच्या पुढच्याही तारखेला आला नाही. कंपनीने आणखी एक मुद्दा काढला, की सलग नोकरी धरायला लागणारे 240 दिवस काढण्याआधीच्या वर्षात माझे भरत नाहीत, 191 च होतात. त्यात माझे आजारपणाचे 116 दिवस धरलेले नव्हते. कामावरच्या अपघाताने माणूस घरी बसला तर ते दिवस भरल्याचे धरायचे, असं औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-ब मध्ये स्पष्ट होतं. अंगठ्याचा कागदही निघाला. मॅडमनी एवढंच विचारलं, ‘बाई बारावी पास आहेत, डावा हात शाबूत होता, मग सही का घेतली नाही?’ साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

मार्च 2022 मध्ये निकाल लागला. बडतर्फी ही अनुचित प्रथा ठरली. सेवेत खंड न धरता परत घ्यायचं आणि निम्मा मागचा पगार. कंपनी औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षणाला गेली. आणखी किती वर्षं जातील ते कुणी सांगेना. घरात मुलगी सहावीत जाणार होती, यांची पाठ गेलेली. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, सव्वाचार लाख आणि मी राजीनामा द्यायचा. काकांना ते आवडलं नाही. त्यांना मी गेटमधून आत गेलेली बघायची होती. मलाही बघायची होती. पण मी पुन्हा त्या टेबलावर बसून कानस धरू शकले नसते. (हे सगळं जुन्या कायद्यांत झालं. आता नव्या श्रमसंहिता आल्या आहेत, केस करायची असेल तर कलमं जाणत्या वकिलाकडून बघून घ्या.)

तडजोडीचा मसुदा त्यांच्याकडून आला. सहाव्या कलमात लिहिलं होतं, ‘सदर इजा अर्जदाराच्या स्वतःच्या चुकीमुळे घरगुती स्वरूपाची झाली असून…’ पैशांचा आकडा मी एकदाच वाचला होता, हे कलम चार वेळा वाचलं. मॅडम म्हणाल्या, पैसे मिळणार आहेत, याने काही बिघडत नाही. मी म्हटलं, हे कलम काढल्याशिवाय मी सही करणार नाही. तारीख पंधरा दिवस पुढे गेली. यांनी त्या पंधरा दिवसांत मला एकदाही काही विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नव्या मसुद्यात तिथे असं होतं: ‘दि. 07.02.2018 रोजी कंपनीत काम करत असताना पॉवर प्रेसवर झालेला अपघात.’

कोर्टात कागद पुढे आले. माझा हात बघून तिथल्या शिपाईकाकांनी आपलेपणाने शाईचं पॅड माझ्यापुढे सरकवलं. मी ते बाजूला केलं आणि मॅडमचं पेन घेतलं. अंगठा आणि अनामिकेत पेन धरून सही करायला मला वेळ लागतो. बँकेतही सही जुळत नाही म्हणून दोनदा नवा नमुना द्यावा लागला होता. एकूण पाच पानं होती, प्रत्येक पानावर खाली. मी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या घरचं गावही. सगळे थांबले होते.